ताहेरच्या लाईनचे सात वार

नवा मोंढा, नांदेड
कार्तिक वद्य सप्तमी, मंगळवार

प्रिय ताहेर,

फोन सोडून तुला पत्र लिहितोय, कारण पत्र मध्येच बंद करता येत नाही. फोनवर तू "हाव, हाव, बरं हाय पंडत" एवढं एका दमात उरकतोस आणि ठेवून देतोस. पुढचा काही वेळ मी त्या मुक्या यंत्राला उद्देशून संभाषण करत बसतो. बायको म्हणते, संस्कृत शिकलेल्या माणसाला ऐकणारा लागतच नाही. तर आता आरामखुर्चीत बस, मोडका पाय स्टुलावर ठेव आणि शेवटपर्यंत वाच. बरंच सांगायचंय, आणि त्यातलं निम्मं तुला न विचारता केलेलं आहे.

तू लेकीकडे लातूरला गेल्यापासून सदफच्या फोनमुळे तुझी खबर कळते. वॉकर सुटला, काठी आली. लातुरात सगळ्या गोष्टींचा क्लास असतो, तसा तुलाही चालण्याचा क्लास लागलाय म्हणे. शिकवायला येणाऱ्या बाईंना पहिल्याच दिवशी तू सांगितलंस, "मी साबणवाला मानूस, घसरणं आमच्या धंद्यातच हाय." हे वाक्य सदफनं मला सांगितलं, मी ते मोंढ्यात सांगितलं, आणि आता ते हदगावपर्यंत गेलंय. पन्नाशी उलटलेल्या माणसानं गोदामात शिडीवर चढून वरच्या थरातलं खोकं स्वतः काढू नये, हे मी तुला किमान दहा वेळा म्हटलं होतं. पण तुझं म्हणणं, माल आपल्या हातानं काढला की दुकानदाराला आपल्या डोळ्यानं देता येतो. शिडीला हे तत्त्वज्ञान पटलं नाही.

तू पडलास तो गणपतीच्या आधीचा आठवडा. मांडीत सळई घातली त्याच्या तिसऱ्या दिवशी मी दवाखान्यात आलो होतो, आठवतं? तुला गुंगी होती, तरी जीभ शाबूत होती. मी म्हणालो, तू बरा होईपर्यंत तुझ्या लाईनचं, म्हणजे गावोगावच्या दुकानांना माल पोचवायच्या फेरीचं, आम्ही संघातले लोक बघू. तू छताकडे बघत म्हणालास, "पंडत, मला काय तुझ्यासारखं वार लावून खायचं नाय." मग उशीखालून एक पाकीट काढलंस. आत कंपनीच्या नावाचं चार ओळींचं पत्र: प्रकृतीच्या कारणानं एजन्सी सोडतो आहे, दुसरा वितरक नेमावा. खाली तुझी ती वेलांटीदार सही. नवा वितरक नेमायचा तर आमच्या संघाचं ना-हरकत पत्र लागतं, ही जिल्ह्यातली जुनी रीत, आणि संघाचा चिटणीस मी. म्हणून तू म्हणालास, "दोन्ही कागद संगच पाठवून दे, मला परत विचारू नको." मी विचारलं नाही. तूही पुन्हा विषय काढला नाहीस. सदफलाही तंबी दिलीस की या घरात नांदेडचं नाव नको. अठ्ठावीस वर्षांचा धंदा तू असा एका पाकिटात घातलास. त्या पाकिटाचं काय झालं ते शेवटी सांगतो. आत्ताच पान उलटून बघू नकोस. तुझी सवय मला माहीत आहे.

आमच्या संघाबद्दल तुझं मत जगजाहीर आहे. 'नांदेड जिल्हा ग्राहकोपयोगी वस्तू वितरक संघ' हे नाव उच्चारेपर्यंत चहा निवतो, आणि चहा निवला की सभा संपते. "चार खुर्च्या, चहा अन् निवेदन," असं तू वर्षानुवर्षं म्हणत आलास आणि तरी दर सभेला आलास, कारण खारी तुला आवडते. खरं सांगू? माझंही मत फार वेगळं नव्हतं. अकरा वर्षं मी चिटणीस आहे तो केवळ मला निवेदनात समास करता येतात म्हणून. कंपन्या माल गळ्यात मारतात, निवेदन. शहरातली मोठी दुकानं आपल्यापेक्षा स्वस्तात विकतात, निवेदन. आता दुकानदारानं थेट मोबाईलवर ऑर्डर टाकायची असं नवं आलंय, त्यावर तर मी अडीच पानांचं निवेदन लिहिलं. एकाचंही उत्तर आलं नाही. भाषा मात्र निर्दोष होती.

तर दवाखान्यातून मी तसाच सभेला गेलो. अध्यक्षा उमादेवी, म्हणजे आपल्या चहाच्या वितरक, त्यांना मी सगळं सांगितलं, फक्त पाकिटाचं सोडून. कंपनीचा नियम सगळ्यांना ठाऊक: चार आठवडे लाईन बंद राहिली की एजन्सी गेली. सभेत नेहमीप्रमाणे हळहळ झाली. कुणी म्हणालं निवेदन द्या. तेव्हा उमादेवींनी कप खाली ठेवला आणि त्यांच्या देगलूरकडच्या ठसक्यात म्हणाल्या, "निवेदनानं साबन इकतो का रे अप्पा? गाडी कोन नेनार ते बोला."

मग मी आयुष्यात पहिल्यांदा सभेत मुद्द्याचं बोललो. मी त्यांना पाठशाळेतलं सांगितलं. मी अकरा वर्षांचा असताना गावाकडून इथं वेद शिकायला आलो, तेव्हा आम्हा मुलांच्या जेवणाचे वार लावलेले असत. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या. ती पद्धत तेव्हा शेवटचे श्वास घेत होती, पण घेत होती. एका घरावर सात दिवसांचा भार पडत नाही आणि पोर उपाशी राहत नाही, इतकं साधं ते गणित. ताहेरच्या लाईनलाही वारच आहेत. सोमवारी हदगाव, मंगळवारी धर्माबाद, असे रविवारच्या अर्धापूरपर्यंत सात. एकेकानं एकेक वार घ्या. आणि पहिला हात कुणी वर केला असेल? पंचाक्षरीनं.

हसू नकोस, टाके ताणतील. अरे टाके निघाले, आता हस. पंधरा वर्षं तुझ्या साबणाच्या विरुद्ध दुसऱ्या कंपनीचा साबण विकणारा, हदगावात तुझी पाटी काढून स्वतःची लावणारा, तू ज्याला 'फेस' म्हणतोस तो पंचाक्षरी. म्हणाला, "सोमवार माझा. ताहेर नसला तर म्या भांडू कुनाशी?"

पहिल्या सोमवारी तो हदगावला गेला. स्वतःच्या गाडीतून गेला, आणि इथंच आम्ही सगळे शहाणे चुकलो. गाडीवर त्याच्या कंपनीची भलीमोठी जाहिरात, आत तुझा साबण. सटवाजी किराणावाल्यानं हे दुरूनच बघितलं. त्याला वाटलं, तू खाटेवर पडल्याचं बघून पंचाक्षरी तुझी लाईन बळकावायला आलाय. "मानूस दवाखान्यात हाय अन् तुमी त्याचा माल पळवून इकून राहिलाव? लाज हाय का न्हाई?" पंचाक्षरीनं शपथा घेतल्या. सटवाजीनं तोवर पुढच्या सगळ्या दुकानांना फोन केले. त्या दिवशी हदगावच्या बाजारात एकाही दुकानानं तुझा एकही साबण घेतला नाही. का, तर तुझ्यावरच्या निष्ठेपायी. मंगळवारी धर्माबादला तेच. सटवाजीचा निरोप जिल्हा ओलांडून आमच्या आधी पोचला होता. तिथल्या कमलम्मांनी तर आमच्या माणसाला अर्ध्या तेलुगूत, अर्ध्या मराठीत असं झोडपलं की त्याला दोन्ही भाषा समजल्या. सबंध आठवडा असा गेला. तुझे मित्र माल घेऊन हिंडत होते, तुझेच मित्र तो परत पाठवत होते, आणि कंपनीच्या संगणकावर तुझ्या नावापुढं सात शून्यं उमटली. शत्रूला जे पंधरा वर्षांत जमलं नाही ते निष्ठेनं आठ दिवसांत करत आणलं होतं.

शून्यं दिसल्याबरोबर कंपनीचे साहेब आले. परप्रांतातले, तरुण, विनम्र, कडक इस्त्रीचे. म्हणाले, ताहेरभाईंबद्दल आदर आहे, पण लाईन मेल्यातच जमा, चार आठवडे भरायची वाट कशाला बघायची? तसंही आता दुकानदार मोबाईलवर ऑर्डर टाकणार, मधल्या माणसाची गरज किती उरली? नवा वितरक तयार आहे, संघानं ना-हरकत द्यावं. त्या वेळी तुझं पाकीट माझ्या कोटाच्या आतल्या खिशात होतं, ताहेर. नुसतं काढून टेबलावर ठेवलं असतं तर ते उभ्या उभ्या काम संपवून गेले असते. माझा हात खिशापर्यंत गेलाही, कारण तुझी सूचना स्पष्ट होती आणि सूचना मोडण्याचं शिक्षण मला मिळालेलं नाही. तेवढ्यात उमादेवी बोलल्या. अतिशय गंभीर चेहऱ्यानं म्हणाल्या, "साहेब, हरकत काहीच न्हाई. पन आमचे चिटणीस शास्त्री हायेत. चातुर्मासात सही करत न्हाईत."

अशा कुठल्याही शास्त्राची मला कल्पना नव्हती. चातुर्मासात कांदा सोडतात, वांगं सोडतात. सही सोडल्याचं मी प्रथमच ऐकत होतो. साहेबांनी माझ्याकडे आदरानं पाहिलं. मी डोळे मिटून मान हलवली. खोटं बोलल्याचा दोष मौनाला लागत नाही असं मी स्वतःला समजावलं, त्याला आधार अजून शोधतोय. साहेबांनी खिशातली डायरी काढली, चातुर्मास कधी संपतो ते विचारलं, कार्तिकी एकादशीनंतरची एक तारीख लिहून घेतली. म्हणाले, तोवर लाईन चालू दिसली तर उत्तम, नाहीतर सही.

ते गेले आणि मी लातूरला सदफला फोन केला. तिच्यावर रागावू नकोस. रागवायचंच असेल तर मला शिव्या दे, मी त्या शुद्ध करून ठेवीन. तुझ्या टेम्पोची किल्ली तिच्याकडे होती. तिनं ती उमादेवींच्या चहाच्या गाडीतून पाठवली. तू दुपारी झोपतोस तेव्हा तीच पोरगी संगणकावर कंपनीकडून माल मागवते, तुझ्या पेढीच्या नावानं बिलं काढते. तुला वाटतं ती तिकडे स्वयंपाकाचे व्हिडिओ बघते. बिर्याणी सुधारलीय का? नाही ना? मग विचार करायचा होतास.

दुसऱ्या सोमवारी पंचाक्षरी तुझा पिवळा टेम्पो घेऊन हदगावात शिरला आणि त्यानं तुझा तो हॉर्न वाजवला. देवणीचा वळू हंबरावा तसा तो आवाज. सटवाजी दुकानाबाहेर आला, टेम्पोभोवती एक फेरी मारली, टायर बघितले, आत बसलेला पंचाक्षरी बघितला, म्हणाला, "टेम्पो तर ताहेरभाईचाच हाय. आत कोन हाय त्याला आता काय करता!" आणि माल घेतला. पण अटीवर. तू जिथं बसतोस त्या पालथ्या खोक्यावर पंचाक्षरीनं बसायचं, तू पितोस तसा बिनसाखरेचा चहा प्यायचा, आणि निघण्यापूर्वी सटवाजीच्या फळीवर तुझा साबण हातानं लावून द्यायचा, हिरवा खाली, गुलाबी वर. सटवाजीच्या आईला वाचता येत नाही, ती रंगावरून देते, हे आम्हाला तिथं कळलं. धर्माबादला कमलम्मांच्या फळीलाही तुझाच क्रम आहे. भाताच्या एका शितावरून हंडी शिजल्याचं कळतं असा आमच्याकडे एक न्याय आहे; त्या दोन फळ्यांवरून तुझी अठ्ठावीस वर्षं आम्हाला कळली. उमादेवींनी हे साहेबांना फोनवर जसंच्या तसं ऐकवलं आणि वर विचारलं, "तुमचा मोबाईल हे करतो का?" साहेब म्हणाले, पुढच्या आवृत्तीत बघतो.

तेव्हापासून लाईन एकही वार बंद पडलेली नाही. पंचाक्षरीची मात्र पंचाईत झालीय. सोमवारी तो तुझ्या साबणाची इतक्या कळकळीनं तारीफ करतो की गुरुवारी त्याचा स्वतःचा माणूस गेला की सटवाजी म्हणतो, "तुमच्या मालकानंच सांगितलं, ताहेरभाईचा चांगला हाय." त्याच्या कंपनीनं खुलासा मागितलाय. तो खुलासा लिहायला माझ्याकडे येऊन बसला होता. मी सुंदर लिहून दिला.

आता माझा कबुलीजबाब. रविवार, अर्धापूरची लाईन, माझी. मी उदबत्ती आणि काडेपेटीचा वितरक. माझा माल वजनाला हलका आणि धर्माला जवळचा. साबणाची खोकी उचलून माझी पाठ गेली. टेम्पोही मीच चालवतो, आणि डाव्या दारावर जो हातभर ओरखडा आहे तो अर्धापूरच्या विजेच्या खांबाचा दोष आहे, खांब जागचा हलला नाही. आणि माझ्या लाईनचा आकडा सातांत सगळ्यांत कमी आहे. केळीच्या बागांमधून जाताना मी गाडी हळू करतो, हे त्याचं एक कारण.

केळी दिसली की गाडी का हळू होते, ते तुला कधी सांगितलं नाही. पाठशाळेत माझे वार सहाच लागले होते. रविवारचं घर मिळेना. गुरुजी म्हणाले, मिळेल. मी रविवारी घाटाच्या पायऱ्यांवर बसून नळाचं पाणी प्यायचो आणि 'भुज्' धातू सगळ्या काळांत चालवायचो. जेवतो, जेवला, जेवेल. तुझी अम्मी, रहमतबी, पाटीत केळी घेऊन तिथून जायच्या. दोन रविवार नुसत्या बघून गेल्या. तिसऱ्या रविवारी पाटी खाली ठेवली, तीन केळी आणि भाजलेल्या शेंगा माझ्यापुढं ठेवल्या. मी सोवळ्यातलं पोर, मागे सरकलो. त्या म्हणाल्या, "फळाला काई होत नाय म्हनतो तुमचा शास्तर. आमी पूछके आलो. खा." कुणाला विचारून आल्या होत्या देव जाणे. चार वर्षं रविवार त्यांचा होता. त्यांच्याच पदराआडून तू मला "पंडत" म्हणून चिडवायचास, तिथं आपली ओळख झाली, एवढं तुला आठवत असेल. हे आठवणार नाही, कारण तुला माहीतच नाही: एकदा गुरुजींनी विचारलं, रविवारी काय खातोस रे? मी म्हणालो, घरून पैसे येतात, केळी विकत घेतो. रहमतबींचं नाव घेतलं नाही. घेतलं असतं तर गुरुजी कदाचित रागावले नसते. ते मनानं मोठे होते, मी लहान होतो. पुढे अम्मी गेल्या तेव्हा मातीला आलो, खांदा दिला, पण बोललो नाही. दवाखान्यात तू वार लावून खाण्याचं बोललास, ते मला लागावं म्हणून नव्हे, मला माहीत आहे. पण मला एवढंच म्हणायचं होतं की वार लावून खाल्लेल्या माणसाला जे कळतं ते तुला अजून कळलेलं नाही. वाढणाऱ्या घराचाही तो दिवस चांगला जातो. तुझ्या अम्मी शनिवारी संध्याकाळीच केळी निवडून बाजूला ठेवत, हे तूच मला एकदा सांगितलंस. आणि पंचाक्षरी, खरं सांगतो, या दोन महिन्यांत बरा माणूस वाटायला लागलाय.

आता पाकीट. ते या पत्रासोबत आहे. त्या दिवसानंतर उघडलेलं नाही, पाठवलेलं नाही. तू सांगितलेलं काम मी केलं नाही, पन्नास वर्षांत पहिल्यांदाच सूचना मोडली आणि मला झोप उत्तम लागली. एकादशी होऊन दहा-अकरा दिवस झाले, माझं सोवळं संपलं, आणि साहेब येत्या सोमवारी सहीसाठी येतायत. लाईन चालू आहे, ती कुणी नाकारू शकत नाही. पण साहेब विचारणार, ताहेरभाई आहेत का? त्याचं उत्तर संघाला देता येणार नाही, निवेदनातही नाही. पाकिटासोबत टेम्पोची किल्ली ठेवतोय. पंचाक्षरीनं तिची जोडकिल्ली करून घेतलीय, तेव्हा तू नाही म्हणालास तरी उद्याची लाईन थांबणार नाही. तुझ्यावर दबाव नाही हे चिटणीस म्हणून नोंदवतो. मित्र म्हणून दबाव आहे. दोन्हीतलं हवं ते ठेव, दुसरं फाड नाहीतर गोदावरीत टाक. उमादेवींची चहाची गाडी शनिवारी लातूरहून परत निघते, पुढची सीट मागे सरकवून ठेवलीय, सदफला विचारून डॉक्टरांची परवानगीही काढलीय. चढायचं नाही, उचलायचं नाही. रविवारी अर्धापूरच्या लाईनवर माझ्या शेजारी नुसतं बसायचं, हॉर्न वाजवायचा आणि मला खांब दाखवायचे. रविवार तुमच्या घरचा होता, तो मी इतकी वर्षं खाल्ला. आता तो तुला परत करायचाय. वाटेत केळी मी घेईन. अम्मी म्हणायच्या तसं, फळाला काही होत नाही.

तुझाच, रविवारचा जेवणारा,
शिवशंकर

ता. क. काठी आण. ओरखडा बघितल्यावर मारायला काहीतरी हाताशी लागेल.